वाचक विचारतात : छताचा भार जातो कुठे?

गेल्या अंकात बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराविषयी लिहिताना मी एक वाक्य लिहिले होते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये ही बस्ती उभारली, त्याच सुमारास फ्रान्समधील शार्त्र या गावी आगीत जळालेल्या चर्चच्या जागी नवे, अतिभव्य चर्च बांधले जात होते, असे ते वाक्य होते. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच द्यावे असे वाटले. पत्रे मोठी होती, म्हणून प्रत्येक पत्रातील प्रश्नाचा गाभा तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : रोमन लोकांची देवळे डोळ्यांसमोर असताना ख्रिस्ती लोकांनी चर्चसाठी त्यांचा नमुना का घेतला नाही? आणि सुरुवातीच्या काळात ते भुयारांत लपून प्रार्थना करत असत, हे खरे आहे का? (इतिहासाच्या शिक्षिका, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण हा गैरसमज फार दूरवर पसरलेला आहे. रोमच्या आसपास जमिनीखाली खोदलेली ही भुयारे, ज्यांना कॅटाकोम म्हणतात, लपण्यासाठी नव्हती. ती दफनभूमी होती. शहराच्या हद्दीत प्रेत पुरण्यास रोमन कायद्याने बंदी असल्यामुळे दफने शहराबाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेला होत असत, आणि वर जागा पुरेना तेव्हा लोक खाली खोदत गेले. तिथला टुफा हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला दगड जमिनीत असताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो. खानापूरच्या पश्चिमेला जांभ्याच्या खाणीत चिरे काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एवढ्या सांगण्यावरून त्या खोदकामाची कल्पना येईल. ही भुयारे अधिकाऱ्यांना ठाऊक होती. मृतांच्या स्मरणार्थ तिथे लोक जमत, परंतु नित्याची उपासना गावातील घरांमध्ये होत असे.

अशा घरांपैकी एक आपल्याला प्रत्यक्ष सापडलेले आहे. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी असलेल्या दूरा-युरोपोस या गावात तिसऱ्या शतकात एका साध्या घराच्या दोन खोल्यांमधील भिंत काढून सभेची खोली केलेली होती, आणि शेजारच्या एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधून भिंतींवर चित्रे काढलेली होती. इ. स. २५६ मध्ये इराणच्या ससानी सैन्याचा वेढा पडला तेव्हा गावकऱ्यांनी तटबंदी बळकट करण्यासाठी तटालगतची घरे मातीने भरून टाकली. गाव पडले, पण त्या मातीखाली ही चित्रे १९३०च्या दशकातील उत्खननापर्यंत सुरक्षित राहिली, आणि आज ती अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे आहेत. कुंडावरच्या चित्रात खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे. हाच मेंढपाळ रोमच्या कॅटाकोममध्येही वारंवार दिसतो, आणि तो मुळात ख्रिस्ती कल्पनेतून निघालेला नाही. ग्रीक-रोमन कलेत तो आधीपासून होता, ख्रिस्ती लोकांनी त्याला आपला अर्थ दिला. क्रुसावरील ख्रिस्त मात्र या काळात जवळजवळ दिसतच नाही. सार्वजनिक ठिकाणी त्याचे अगदी सुरुवातीचे जे चित्रण टिकले आहे, ते रोममधील सांता साबिना चर्चच्या पाचव्या शतकातील लाकडी दारावर कोरलेले आहे.

आता देवळाच्या नमुन्याविषयी. रोमन देऊळ हे मूर्तीचे घर होते. गाभाऱ्यात मूर्ती असे, बळी देण्याची वेदी बाहेर पायऱ्यांसमोर असे, आणि जमलेले लोक उघड्यावर उभे राहत. ख्रिस्ती उपासनेत सर्वांनी एकत्र बसून वाचन ऐकायचे आणि भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत भाग घ्यायचा असल्याने त्यांना आतमध्ये शेकडो माणसे मावतील अशी जागा हवी होती. शिवाय ज्या देवळांत बळी देण्यास नकार दिल्यामुळे आपल्या माणसांचे प्राण गेले, त्यांचा आकार उचलणे त्यांना कदापि मानवले नसते. इ. स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात धर्मपालनाची मोकळीक मिळाल्यावर त्यांनी देवळाऐवजी बॅसिलिका हा प्रकार निवडला. बॅसिलिका म्हणजे रोमन गावातील सार्वजनिक सभागृह, जिथे न्यायनिवाडे होत आणि व्यापारी सौदे ठरत. लांबट मधले दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगांपलीकडे ओवऱ्या, वरच्या भिंतीत खिडक्या आणि टोकाला न्यायाधीश बसे ती अर्धगोल जागा, असा तिचा घाट असे. न्यायाधीशाच्या जागी बिशप आला, त्याच्यापुढे वेदी आली, आणि चर्च तयार झाले. सांता साबिना हे ४२२ ते ४३२ या काळात बांधलेले चर्च आजही हा घाट जवळजवळ मूळ रूपात दाखवते. त्यातील २४ संगमरवरी खांब एका जुन्या रोमन इमारतीतून आणून बसवलेले आहेत.

लोकांना आत घेण्याच्या या एका निर्णयातूनच युरोपातील पुढच्या हजार वर्षांच्या बांधकामाच्या अडचणी आणि त्यांची उत्तरे निघाली, असे माझे मत आहे. पुढचे पत्र नेमके त्याविषयीच आहे.

प्रश्न : मी तीस वर्षे गवंडीकाम करतो. मुलाच्या मोबाइलवर शार्त्रच्या चर्चचे फोटो पाहिले. भिंतीच्या जागी नुसती काच दिसते, वर दगडाचे छत आहे, आणि मुलगा सांगतो की त्या काळी काँक्रीट नव्हते, सळई नव्हती. मग एवढा भार जातो कुठे? बाहेरून लावलेल्या दगडी तंगड्या खरोखर कामाच्या आहेत की शोभेच्या? (खानापूर तालुक्यातील एक गवंडी)

उत्तर : या सदराकडे आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

सुरुवातीच्या बॅसिलिकांना लाकडी छप्पर असे. आपल्याकडच्या कौलारू घरासारखे त्याचे वजन सरळ खाली भिंतीवर येते, म्हणून भिंती पातळ आणि खांब सडपातळ चालत. पण दिवे, मेणबत्त्या आणि विजा यांमुळे लाकडी छपरे जळत असत. दहाव्या-अकराव्या शतकानंतर पश्चिम युरोपात मोठी चर्चे दगडी कमानछताने झाकण्याकडे कल वाढला, त्यामागे आगीची ही भीती होती, आणि दगडी छताखाली गाणे अधिक घुमते हेही एक कारण होते. दगडी छत करायचे तर दगड ताणाला कमजोर असल्यामुळे रुंद दालनावर सपाट शिळा टाकता येत नाही, कमान करावी लागते. आणि कमान खाली दाबते, तशीच पायांकडे बाहेरही रेटते, हे आपल्यासारख्या माणसाला मी सांगायला नको. सेंटरिंग काढले की कळीच्या दगडापासून निघालेला दाब दोन्ही बाजूंनी तिरपा उतरतो, आणि पायाशी तो अडवला नाही तर भिंती बाहेर झुकून कमान कोसळते.

रोमनेस्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, साधारणतः अकराव्या आणि बाराव्या शतकांतील चर्चांत हा रेटा जाड भिंतींनी अडवलेला आहे. अर्ध्या पिंपासारखे लांब कमानछत भिंतीला तिच्या सगळ्या लांबीभर रेटत असल्यामुळे भिंतीत मोठी खिडकी पाडणे धोक्याचे होते. फ्रान्समधील तुलूज किंवा काँक येथील त्या काळच्या चर्चांत शिरल्यावर जो गंभीर अंधार जाणवतो, त्याचे मूळ या रेट्यात आहे. पुढची पायरी इंग्लंडमधील डरम येथे दिसते. १०९३ मध्ये सुरू झालेल्या या चर्चमध्ये छताखाली दगडी फासळ्या बांधून त्यांच्या मधले भाग भरलेले आहेत. छत्रीच्या काड्या आणि त्यांवर ताणलेले कापड, असे समजा. आधी फासळ्यांच्या कमानी उभारायच्या आणि मग मधला भाग भरायचा, म्हणजे संपूर्ण छताला एकाच वेळी सेंटरिंग लावावे लागत नाही, आणि भार भिंतभर न पसरता ठरावीक जागी, खांबांच्या माथ्यावर गोळा होतो.

टोकदार कमानीचे काम याच ठिकाणी आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरून जाते. दालन रुंद असेल तर कमान उंच, अरुंद असेल तर बुटकी. टोकदार कमानीत दोन्ही अर्ध कमी-जास्त उभे करता येतात, त्यामुळे लांबट आकाराच्या चौकातील चारही बाजूंच्या आणि तिरप्या फासळ्यांच्या कमानी एकाच उंचीला आणता येतात, आणि त्याच रुंदीच्या गोल कमानीपेक्षा बाहेरचा रेटाही कमी होतो. पॅरिसजवळील सां-दनी मठाचा प्रमुख सुजे याने ११४० ते ११४४ या चार वर्षांत आपल्या चर्चचा पूर्वेकडील भाग नव्याने बांधून घेतला, तिथे टोकदार कमान आणि फासळ्यांचे छत एकत्र आले, आणि वेदीभोवतीच्या भिंतीच्या जागी खिडक्यांची माळ उभी राहिली. गॉथिक वास्तुकलेचा आरंभ सहसा येथून धरतात. (गॉथिक हे नाव त्या कारागिरांचे नव्हे, काही शतकांनी इटलीतील लेखकांनी रानटी गॉथ टोळ्यांच्या नावावरून ते हिणवण्यासाठी वापरले, आणि दुर्दैवाने तेच टिकले.)

आता आपल्या तंगड्यांविषयी. भार खांबांच्या माथ्यावर गोळा झाला तरी तिथला रेटा उरतोच, आणि खाली दोन्ही बाजूंना ओवऱ्या असल्याने तिथे जाड भिंत उभारता येत नाही. म्हणून ओवरीच्या छपरावरून एक अर्धी कमान टाकून तो रेटा बाहेर उभ्या केलेल्या भक्कम दगडी खांबावर नेतात. झुकलेल्या भिंतीला आपण लाकडी धिरा देतो, तोच हा धिरा आहे, दगडाचा आणि कायमचा. इंग्रजीतील फ्लाइंग बट्रेस तो हाच. बाहेरच्या खांबावर जो दगडी सुळका असतो, तोही निव्वळ सजावट नाही. त्याच्या वजनाने तिरपा येणारा दाब आणखी खालच्या दिशेला वळतो आणि खांबाच्या पोटातच राहतो. शार्त्रचे चर्च ११९४ मध्ये जळाले, आणि सुमारे १२२०पर्यंत नव्या चर्चचे मुख्य दालन छतासह तयार झाले होते. तिथे छताची उंची सुमारे ३७ मीटर आहे आणि वरच्या खिडक्या खालच्या कमानींच्या तोडीच्या आहेत. हे धिरे काढले तर ते छत उभे राहणार नाही. तेव्हा त्या तंगड्या पूर्णपणे कामाच्या आहेत.

हे सारे गणिताविना झाले. कारागिरांजवळ दोरी, कंपास, गुण्या, ओळंबा आणि पूर्वी बांधलेल्या इमारतींचा अनुभव होता. चुन्याने तयार केलेल्या जमिनीवर ते पूर्ण मापाचे नकाशे कोरत, त्यावरून लाकडी साचे कापत, आणि त्या साच्यांवरून पाथरवट दगड घडवत. इंग्लंडमधील यॉर्क आणि वेल्स येथील चर्चांत अशा रेखाटनांच्या जमिनी आजही आहेत. हिवाळ्यात ओला चुना गोठून फुटतो, म्हणून थंडी सुरू झाली की भिंतींचे माथे गवत आणि शेण यांनी झाकून बांधकाम थांबवत. आपल्या भागात पावसाळ्यात काम थांबते तसे. चुनाही सावकाश धरत असल्याने एकेक टप्पा स्थिर होऊ द्यावा लागे.

अनुभवाला मर्यादाही होत्या. उत्तर फ्रान्समधील बोव्हे येथे सुमारे ४८ मीटर उंचीचे छत १२७२ मध्ये पूर्ण झाले आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. नंतर मधोमध जादा खांब घालून ते पुन्हा बांधले गेले, पण लांबलचक मुख्य दालन कधीच पूर्ण झाले नाही. इंग्लंडमधील कँटरबरी येथे ११७४च्या आगीनंतर पुनर्बांधणीसाठी फ्रान्समधून आणलेला विल्यम ऑफ सान्स हा मुख्य गवंडी ११७८ मध्ये पराचीवरून पडून जायबंदी झाला. त्याने काही दिवस अंथरुणातून काम चालवण्याचा प्रयत्न केला, आणि शेवटी तो मायदेशी परतला. त्याच मठातील जर्वेस या भिक्षूने ही हकिगत लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळते. लोखंडाविषयी आपल्या मुलाच्या म्हणण्यात मात्र थोडी दुरुस्ती हवी. ती शेवटच्या उत्तरात आहे.

प्रश्न : कमल बस्तीत अशी कमान का नाही? आपल्या कारागिरांना कमान ठाऊक नव्हती का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : ठाऊक होती. उत्तर प्रदेशातील भितरगाव येथील विटांच्या गुप्तकालीन देवळात खऱ्या कमानी आहेत. दगडी देवळांत मात्र खांब, तुळई आणि एकावर एक पुढे सरकवत आणलेले थर, हीच रीत पसंत केली गेली. या रीतीत भार सरळ खाली जातो, बाहेरचा रेटा जवळपास नसतो, त्यामुळे धिऱ्यांची गरजच पडत नाही. रुंदी मात्र शिळेच्या लांबीने बांधली जाते. बस्तीत किंवा देवळात हजार माणसे एकाच छताखाली एकाच वेळी बसवायची नसतात, दर्शन घेऊन पुढे जायचे असते, म्हणून ती मर्यादा अडचणीची ठरली नाही. उलट, मंडपाचे खांब जवळजवळ आल्यामुळे प्रत्येक खणाचे छत हे स्वतंत्र शिल्प करता आले. ज्या छतावरून बस्तीला नाव मिळाले, ते खाली लोंबणारे कमळ याच रीतीचे फळ आहे. शार्त्र आणि बेळगाव यांत श्रेष्ठ कोण, असे दोन पत्रांत विचारले आहे. दोन्हीकडच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की मला ती तुलना करावीशी वाटत नाही.

कमान, घुमट आणि रेटा हे जवळून समजून घ्यायचे असेल तर विजापूरचा गोलघुमट पाहावा. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, हा प्रश्न इस्तंबूलच्या हागिया सोफियात अँथेमियस आणि इसिडोर या दोघांनी ५३२ ते ५३७ मध्ये चार कोपऱ्यांतून वर उमलत जाणारे गोलसर त्रिकोण बांधून सोडवला. तिथला घुमट सुमारे ३१ मीटर व्यासाचा आहे. पहिला घुमट जास्त चपटा असल्याने त्याचा रेटा मोठा होता आणि ५५८ मध्ये, भूकंपांनी आधीच भिंती हलल्यावर, तो कोसळला. नंतर तो अधिक उंच करून बांधला. १६५६च्या सुमाराच्या गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे, आणि तिथे एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी चौकोनाचे वर्तुळ केलेले आहे. त्या कमानी आतून स्पष्ट दिसतात.

प्रश्न : इटलीतील राव्हेना येथील चर्चच्या भिंतींवर सोने आहे असे वाचले. वर्ख तर काही वर्षांत झिजतो. दीड हजार वर्षे तो टिकला कसा? (सोनार, निपाणी)

उत्तर : कारण तो उघडा नाही. जाड काचेच्या तुकड्यावर सोन्याचा वर्ख ठेवून त्यावर काचेचा अतिशय पातळ थर तापवून बसवत, आणि मग त्याचे लहान चौकोनी तुकडे करत. सोने दोन काचांच्या मध्ये बंद असल्याने त्याला हवा, हात किंवा धूर लागत नाही. हे तुकडे ओल्या चुन्यात बोटांनी दाबून बसवत, आणि मुद्दाम थोडे वेगवेगळ्या कोनांत बसवत, जेणेकरून माणूस चालू लागला किंवा दिव्याची ज्योत हलली की चमक भिंतीवरून सरकत जाते. छायाचित्रात सोने मळकट पिवळे दिसते ते यामुळेच.

५४७ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या सान व्हिताले या अष्टकोनी चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची समोरासमोरील दोन मोठी चित्रे आहेत. दोघेही राव्हेनाला कधी आले नव्हते. वेदीजवळच्या भिंतीवर त्यांना हातात अर्पणाची पात्रे देऊन उभे केले, म्हणजे ते त्या विधीला कायमचे हजर झाले. बिशप मॅक्सिमियन याचे नाव मात्र त्याच्या डोक्यावर अक्षरांत लिहिलेले आहे. चर्चचा खर्च जूलियानस या सराफाने केला, आणि तो २६,००० सुवर्णनाणी होता अशी नोंद आहे. आपल्या व्यवसायबंधूचे हे काम आपल्याला आवडेल असे वाटते. चित्रांतील माणसे सपाट, जमिनीला टेकल्या न टेकल्यासारखी आणि मोठ्या डोळ्यांची का, असेही आपण विचारले आहे. कारागिरांना हुबेहूब काढता येत नव्हते म्हणून नव्हे. बिशपचा थकलेला चेहरा किती बारकाईने घडवला आहे ते पाहावे. मागे सोने असले की खोली, सावली आणि दिवसाची वेळ निघून जाते, आणि तेच त्यांना हवे होते.

प्रश्न : रंगीत काचा कशा बनवत? आणि त्या निरक्षर लोकांसाठी होत्या का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कॅम्प, बेळगाव)

उत्तर : बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या भिक्षूने ही कृती दिली आहे : दोन भाग बीच झाडाची राख आणि एक भाग वाळू वितळवायची. कोबाल्टने निळा, तांब्याने लाल आणि मँगनीजने जांभळा रंग येतो. तांब्याचा लाल इतका गडद येतो की जाड काच काळीच दिसेल, म्हणून स्वच्छ काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. चुन्याने रंगवलेल्या फळीवर चित्र काढून त्याप्रमाणे तुकडे कापत, चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढून भट्टीत भाजत, आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवत. जुनी काच खाली जाड असते कारण ती शतकानुशतके ओघळते, असे आपण ऐकले आहे. ते खरे नाही. त्या काळची काच मुळातच सगळीकडे सारख्या जाडीची होत नसे.

निरक्षरांविषयी म्हणायचे तर, मूर्तिपूजेच्या भीतीने चित्रे फोडणाऱ्या मार्सेच्या बिशपला पोप ग्रेगरी पहिला याने इ. स. ६००च्या सुमारास लिहिले की, वाचणाऱ्याला अक्षरे जे देतात ते न वाचणाऱ्याला चित्रे देतात. पुढे चित्रांचे समर्थन करताना याचा आधार घेतला गेला. पण शार्त्रमध्ये १७६ खिडक्या आहेत, त्यांतील कित्येक फार उंचावर आहेत, आणि कथा बहुधा खालून वर वाचायच्या असतात. आधी कुणी सांगितल्याखेरीज त्या उलगडत नाहीत. कीर्तनात ऐकलेली कथा देवळाच्या भिंतीवर ओळखू येते, तसा त्यांचा उपयोग झाला असावा असे मला वाटते. तिथल्या खालच्या चौकटींत भाकरी भाजणारे, जोडे शिवणारे, कातडी कमावणारे असे गावातील कामकरीही दिसतात. संतांच्या कथेखाली त्यांना जागा मिळालेली पाहून मन भरून येते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच या काचा उतरवून दूर ठेवल्या गेल्या, म्हणून त्या आपल्याला पाहायला मिळतात. आपल्या कॅम्पातील सेंट मेरीज चर्च हे १९व्या शतकातील असले तरी त्याच गॉथिक रीतीवर बांधलेले आहे. टोकदार कमानींचा अभ्यास तिथून सुरू करता येईल.

प्रश्न : चोर्ला घाटातून आम्ही नेहमी गोव्याला जातो. जुन्या गोव्यातील चर्चे गॉथिक म्हणावीत का? (वाचक, जांबोटी परिसर)

उत्तर : नाही. सी कॅथेड्रल आणि बॉम जेझू ही सोळाव्या-सतराव्या शतकांतील, नंतरच्या शैलींतील चर्चे आहेत. मात्र मांडवीकडे पाहणाऱ्या टेकडीवरील अवर लेडी ऑफ द रोझरी हे १५४०च्या दशकातील चर्च जरूर पाहावे. पोर्तुगालमधील मॅन्युएलिन या उत्तर-गॉथिक रीतीच्या खुणा तिथे आहेत.

प्रश्न : या इमारती बांधणाऱ्यांची नावे का सापडत नाहीत? (मूर्तिकार, चिकोडी तालुका)

उत्तर : सापडतात, पण थोडी. फ्रान्समधील ओतँ येथील चर्चच्या दारावर, अंतिम न्यायाच्या भव्य शिल्पात, ख्रिस्ताच्या पायांखाली ‘गिस्लेबेर्तुस याने हे केले’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. तो स्वतः शिल्पी होता की काम करवून घेणारा, यावर अभ्यासकांत वाद आहे. तराजूच्या पारड्यात बसलेले ते भेदरलेले जीव पाहिल्यावर मला तो शिल्पीच वाटतो. कर्नाटकात याबाबतीत आपण अधिक भाग्यवान आहोत. होयसळ देवळांतील शिल्पींनी मूर्तींखाली आपली नावे कोरली आहेत, आणि सोमनाथपूरच्या देवळात मल्लितम्म हे नाव अनेक मूर्तींखाली वाचता येते. युरोपात नाव नसले तरी दगडांवर पाथरवटांच्या खुणा असतात, त्यांपैकी पुष्कळ खुणा मजुरी मोजण्यासाठी कोरलेल्या होत्या.

प्रश्न : पॅरिसचे नोत्र-दाम २०१९ मध्ये जळताना टीव्हीवर पाहिले. दगडी छत होते, मग जळले काय? (निवृत्त शिक्षक, टिळकवाडी)

उत्तर : दगडी छताच्या वर पावसापासून बचावासाठी ओकच्या लाकडाचे दुसरे छप्पर असते, त्यावर शिशाचे पत्रे असतात. १५ एप्रिल २०१९ रोजी ते लाकूडकाम, ज्यातील बराच भाग तेराव्या शतकातील होता, आणि १९व्या शतकात उभारलेला मधला मनोरा जळाले. मनोरा कोसळला तिथे दगडी छताला मोठी भोके पडली. बाकीचे बहुतेक छत मात्र टिकले, आणि जळती लाकडे त्यानेच वरच्या वर झेलली. आठशे वर्षांपूर्वी दगडी छत बांधण्यामागे जी भीती होती, तिची ही परीक्षाच म्हणावी लागेल. रेटा बिघडू नये म्हणून लगेच धिऱ्यांखाली लाकडी चौकटी बसवण्यात आल्या. नंतर हजाराहून अधिक ओक तोडून, त्यांतील पुष्कळ तुळया जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासून छप्पर पूर्ववत केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले.

खानापूरच्या गवंडीबंधूंना सांगायचे राहिले होते ते येथे. आगीनंतर उघड्या पडलेल्या दगडांच्या सांध्यांत लोखंडी आकडे मोठ्या संख्येने आढळले. शेजारच्या दोन चिऱ्यांत भोके पाडून आकडा त्यांत घालायचा आणि वरून वितळलेले शिसे ओतायचे, अशी ती जोडणी आहे, आणि तपासणीत हे लोखंड अगदी सुरुवातीच्या, म्हणजे ११६०च्या दशकातील बांधकामापासून वापरलेले असल्याचे दिसून आले. सळई नव्हती हे मुलाचे म्हणणे बरोबर आहे. लोखंड मात्र होते.